पहिले दोन आटे

मागच्या रविवारी तुम्ही फोनवर विचारलंत, "आजोबा, लाँचला इंजिन बसलं का?" आणि आजोबा म्हणाले, "बसलं." एवढं बोलून त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि चहाचं आधण बघायला आत गेले. तुमच्या आजोबांना काम दाखवता येतं, सांगता येत नाही. तुम्ही इतक्या लांब असल्यामुळे दाखवायची सोय नाही, म्हणून मी लिहिते आहे.

मी एकतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. तुमच्या आईचं म्हणणं, मी तुम्हाला इंग्रजीतच लिहावं, मुलांना सोपं जाईल. पण आजोबा आणि त्यांचे वळसंगचे एक मित्र जे बोलले ते इंग्रजीत नेलं तर निम्मं वाटेतच सांडेल. तेव्हा हे बाबांकडून वाचून घ्या. अडलेल्या शब्दांखाली पेन्सिलीनं रेघ मारा. डिसेंबरात आलात की आपण ते शब्द एकत्र बसून बघू.

लाँच तुम्हाला आठवत असेलच. दोन उन्हाळ्यांपूर्वी आपण उजनीच्या पाण्यावर पलीकडच्या गावाला जाणाऱ्या लाँचमध्ये बसलो होतो. आजोबांनी लाँचवाल्याला विचारून खिशातल्या टेपनं तिची लांबी, रुंदी, केबिनची उंची सगळं मोजलं आणि आकडे माझ्या पर्समधल्या वहीत उतरवायला लावले. ती तीस फुटांची होती, आपली पाच फुटांची करायचं ठरलं. मग तीन आठवडे आपल्या व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. प्लायवूडच्या फासळ्या, त्यांच्यावर पातळ पट्ट्या, त्यांच्यावर काचेच्या धाग्यांचं कापड आणि डोळ्यांत झोंबणारं रेझिन. निळा पट्टा तुम्ही दोघांनी दोन बाजूंनी रंगवायला घेतलात आणि तो नाकापाशी अर्ध्या इंचानं चुकला. आजोबांनी तो तसाच ठेवला आहे.

बाबांनी तिकडून सांगितलं होतं की बॅटरीवरची मोटर बसवा, सोपं पडेल, रिमोट मी पाठवतो. रिमोट आला. पण मोटरीचं नाव काढल्यावर तुमच्यातल्या धाकट्यानं नकाराची मान हलवली. तो म्हणाला होता, "आवाज नसेल तर ती लाँच नाही, खेळणं आहे." आजोबांनी हे वाक्य इतकं मनावर घेतलं की तुम्ही परत गेल्यावर त्यांनी रिकामी लाँच जुन्या चादरीत गुंडाळून दिवाणाखाली ठेवली आणि पेट्रोलचं लहान इंजिन कुठे मिळेल ते शोधायला लागले.

त्याच पावसाळ्यात त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. मला ते आधी बशीत दिसलं. बशीतला चहा हलत होता आणि त्यांचं लक्ष वर्तमानपत्रात होतं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या आणि हे हळूहळू वाढेल असंही सांगितलं. किती हळू, ते कुणाला सांगता येत नाही. आजोबांनी एकच प्रश्न विचारला, "पाना धरता येईल का?"

डॉक्टर म्हणाले, "धरत राहा. धरणं सोडू नका."

हे तुम्हाला माहीत आहे, बाबांनी सांगितलं आहे. माहीत नाही ते पुढचं.

आजोबांची हत्यारांची पेटी तुम्ही पाहिली आहे, सागवानी, पितळी कडीची. बत्तीस वर्षं ते कुर्डुवाडीला रेल्वेच्या कारखान्यात होते, शेवटी फोरमन म्हणून निवृत्त झाले. पेटी त्यांनी स्वतः केलेली. आत प्रत्येक पान्याला, प्रत्येक कानशीला लाकडात कोरलेली जागा आहे. पाना जागेवर नसला की त्याच्या आकाराचा खड्डा दिसतो, त्यामुळे काहीही हरवत नाही. मला हा माणूस का आवडला याचं अर्धं उत्तर त्या पेटीत आहे.

तर गेल्या श्रावणात एका सकाळी ते त्या पेटीवर हात ठेवून म्हणाले, "लाँचचं इंजिन माझ्या हातानं बसलं आणि पाण्यात चाललं, तर पेटी राहील. नाही तर वळसंगला देऊन टाकू. तिथं तिचा उपयोग तरी होईल."

"आणि तुम्ही काय कराल?"

"पेपर वाचीन."

आपल्या घरासमोरून रस्ता जातो आणि व्हरांड्यात एक खुर्ची आहे. त्या खुर्चीत बसून दिवसभर रस्ता बघणारे लोक मी आपल्याच गल्लीत पाहिले आहेत. स्वयंपाकघरात जाऊन आइस्क्रीमचे रिकामे डबे काढले आणि त्यांच्यावर चिकटपट्ट्या लावून नावं लिहायला बसले.

इंजिन वळसंगहूनच आलं. आजोबांचे ते मित्र शेतकरी. घरात कानडी बोलतात, आमच्याशी मराठी. मला अक्का म्हणतात आणि आजोबांना आजही फोरमन. ते पाठीवरच्या फवारणी पंपाचं पेट्रोल इंजिन पोत्यात घालून घेऊन आले आणि त्यांनी ते व्हरांड्यात माझ्या पुढ्यात ठेवलं.

"अक्का, पंप गेलाय ह्याचा. पर इंजिन लई नेकीचं हाय. दोरी वडली की बोलतंय."

"मग आता फवारता कशानं?" मी विचारलं.

"बॅटरीचा घेतलाय. पोरं म्हणली, नवीन घ्या. आवाजच न्हाय त्याला. मानूस फवारतोय का हुबा राहून झोपलाय, बांधावरनं कळत न्हाय."

आजोबा हसले आणि मला म्हणाले, "आपल्या धाकट्याचा भाऊ दिसतोय हा."

इंजिन हातभरही नव्हतं. त्यात तेल मिसळलेलं पेट्रोल जातं, दोरी ओढून ते सुरू होतं, आणि वेग वाढल्यावरच त्याची पकड, म्हणजे क्लच, पुढचा दांडा फिरवायला घेते. आजोबांना ही गोष्ट फार आवडली, कारण त्यामुळे लाँच धक्क्याला उभी असताना इंजिन चालू राहील पण पाण्यातला पंखा फिरणार नाही, अगदी उजनीच्या लाँचसारखं. ते हवेनं थंड होणारं इंजिन, म्हणून केबिनच्या खिडक्यांना काचा लावायच्या नाहीत, वारा आत येऊ द्यायचा, हेही ठरलं. इंजिनाचा दांडा पंख्याच्या दांड्याला जोडणारा तुकडा आपल्या गल्लीच्या टोकाला यंत्रमागाचे भाग करणारे लेथवाले आहेत, त्यांनी करून दिला. बाकी सगळं, रिमोट इंजिनाच्या वेगाला आणि सुकाणूला जोडण्यासकट, व्हरांड्यात.

पहिल्याच दिवशी अडचण आली. लहान स्क्रू भोकात सुरू करायचा तर तो सरळ धरावा लागतो. आजोबांच्या बोटांत तो नाचायचा आणि खाली पडायचा. तीन वेळा पडला. चौथ्यांदा मी तो फरशीवरून उचलला, भोकात ठेवला आणि बोटांनी दोनदा फिरवला. आटे लागले. मी पुढे फिरवायला गेले तर ते म्हणाले, "बास."

मी हात काढला.

"पहिले दोन आटे तुझे," ते म्हणाले. "बाकीचे माझे."

हा आमचा नियम झाला. स्क्रू असो, नट असो, मी दोन आटे लावायचे आणि बाजूला व्हायचं. मग ते डाव्या हातानं उजवं मनगट धरून पाना लावायचे. एकदा आटे लागले की थरथरणारा हातही स्क्रू पिळू शकतो, कारण मग त्याला वाट सापडलेली असते. मला वाटायचं पटकन मीच करून टाकावं, दोन मिनिटांचं काम. पण दोन मिनिटांचं काम वीस मिनिटं बघत बसणं हेही एक काम आहे, आणि ते मला शाळेत कुणी शिकवलं नव्हतं, उलट मी मुलांना घाई करायची.

डबे मात्र माझे. 'इंजिनाच्या पायाचे बोल्ट', 'कार्बोरेटर', 'पंखा व सुकाणू', आणि एक 'काय आहे ते माहीत नाही'. हा शेवटचा डबा आजोबांना फार आवडायचा. काही सापडेनासं झालं की म्हणायचे, "बाई, तुमच्या अज्ञानाच्या डब्यात बघा." शाळेत सगळे मला बाई म्हणायचे. त्यांना माझी चेष्टा करायची असली की तेही म्हणतात.

सगळ्यात अवघड काम होतं इंजिन सरळ रेषेत बसवायचं. पंख्याचा दांडा पितळी नळीतून तिरका खाली जातो. इंजिनाचा दांडा त्याच्या बरोबर समोर आला पाहिजे. केसभर जरी वरखाली झाला तर सगळं थरथरतं आणि जोड तुटतो. कारखान्यात यासाठी उपकरणं होती. इथे आजोबा गुडघ्यावर बसून एक डोळा मिटून बघत होते आणि त्यांना कळत नव्हतं की रेषा हलते आहे की तेच हलताहेत.

मी आत जाऊन माझी सगळ्यात जाड विणायची सुई आणली. तिला कागदाचा एक वेढा दिला आणि अजून दांडा न घातलेल्या पितळी नळीत सरकवली. ती घट्ट बसली. तिचं टोक दुसऱ्या बाजूनं बाहेर आलं आणि इंजिनाच्या दांड्याकडे बोट दाखवल्यासारखं थांबलं. त्या दांड्याच्या टोकाला, मधोमध, लेथवाल्यांनी एक ठिपका पाडून दिला होता.

आजोबांनी सुईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हे कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. टोक ठिपक्याला टेकलं की झालं ना?"

"झालं," ते म्हणाले. "तू सुई बघ. मी खालून पॅकिंग घालतो."

मग सकाळभर आम्ही तेच केलं. इंजिनाच्या पायांखाली रबराच्या चकत्या, त्यांच्याखाली डब्याच्या पत्र्याचे पातळ तुकडे. ते एक तुकडा घालायचे, मी सांगायची, अजून थोडं वर. एक काढायचे, मी सांगायची, आता तुमच्याकडे सरकलं. आमच्या लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाली. इतका वेळ एकमेकांचं ऐकत आम्ही पूर्वी कधी बसलो होतो असं मला आठवत नाही. शेवटी सुईचं टोक ठिपक्यात अलगद बसलं, घसरलं नाही. मी म्हटलं, "बरोबर." त्यांनी माझ्या तोंडाकडे पुन्हा पाहिलं आणि मग बोल्ट माझ्यापुढे धरले. दोन आटे मी, बाकीचे त्यांनी.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मागच्या हौदात पाणी भरून लाँच त्यात सोडली आणि दोरीनं बांधली. आजोबांनी डाव्या हातानं इंजिनाची दोरी ओढली. तिसऱ्या ओढीला ते बोललं. मग त्यांनी कार्बोरेटरचा बारीक स्क्रू दोन्ही हातांनी धरून किंचित इकडे, किंचित तिकडे केला. तो स्क्रू पेट्रोल किती जायचं ते ठरवतो, त्याला मी हात लावायचा नव्हता. आवाज गुरगुरण्यावरून एकसारखा झाला. वेग वाढवला तेव्हा पंख्यानं हौदातलं पाणी तुळशीपर्यंत उडवलं. आजोबा भिजले. त्यांनी चष्मा काढून पुसला नाही, तसेच थेंबांतून बघत राहिले.

"उद्या पूजा," ते म्हणाले, "आणि परवा दसऱ्याला तळ्यावर."

खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची पूजा करतात, हे मी तुम्हाला सांगितलेलं आहे. शेतकरी नांगराची करतो, विणकर मागाची, आणि आजोबा पेटीची. कारखान्यात त्या दिवशी मोठ्या इंजिनांना झेंडूचे हार पडायचे. घरी मी पाट मांडते, त्यावर पेटी उघडून ठेवते, पाने आणि कानशी पुसून ओळीनं लावते. या वर्षी पाटाशेजारी लाँचही होती, वरचं झाकण काढलेली, म्हणजे इंजिनाची पूजा करता यावी.

आता माझी चूक सांगते. मला कुठलीही वस्तू धुतल्याशिवाय पूजेला ठेवणं जमत नाही. कार्बोरेटरच्या तोंडावर हवा गाळायला स्पंजाचा एक तुकडा असतो आणि त्यावर झाकण. तो स्पंज तेलकट झाला होता. मी तो सकाळीच काढला, साबणाच्या पाण्यात धुतला आणि चिमट्यानं वाळत घातला. त्यामुळे पूजेच्या वेळी कार्बोरेटरचं तोंड उघडं होतं. मी पेटीला हळदकुंकू वाहिलं, इंजिनाच्या डोक्यावर बोट टेकवलं, झेंडूचं फूल ठेवलं, आणि कुंकवात भिजवलेल्या अक्षता वाहिल्या. हात उघडा करून, मनापासून, जशा नेहमी वाहते तशा.

संध्याकाळपर्यंत स्पंज वाळला. आजोबा गोळी घेऊन झोपले होते. मी स्पंज जागेवर बसवला आणि झाकण लावलं. झाकणाचा स्क्रू मी पहिल्या आट्यापासून शेवटच्या आट्यापर्यंत एकटीनं पिळला. एक लहानसा स्क्रू, त्यासाठी माणसाला कशाला उठवायचं, असं मला वाटलं. त्यांनी लावला असता तर त्यांनी आत डोकावून पाहिलं असतं. ते नेहमी पाहतात.

दसऱ्याला सकाळी वळसंगचे मित्र पिकअप घेऊन आले आणि आम्ही हिप्परग्याच्या तळ्यावर गेलो. काठाला पाणी स्वच्छ होतं, वारा नव्हता. इंजिन पहिल्याच दोन ओढीत सुरू झालं. आजोबांनी रिमोटवर वेग वाढवला तसं ते खोकलं आणि बंद पडलं. पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच. हळू चालायचं, वेग मागितला की गुदमरायचं. त्यांनी प्लग काढायला लावला. तो काळा आणि ओला होता.

"पेट्रोल जास्त जातंय," ते म्हणाले. त्यांनी तो बारीक स्क्रू थोडा आवळला. मग सुरूच होईना. थोडा सोडला. सुरू झालं आणि परत बंद. पाचव्या वेळी त्यांनी दोरी धरली आणि न ओढताच सोडून दिली.

"परवा हौदात चाललं होतं," मी म्हटलं.

"हो. तिथे नशिबानं चाललं, स्क्रू मी फिरवलेला होता." त्यांनी आपल्या हाताकडे पाहिलं. "किती फिरवला ते ह्याला कळलं नाही."

मित्र म्हणाले, "फोरमन, मशीन हाय ते. मानूस तरी कुटं रोज उठल्या उठल्या चालतंय? आपलं दोघांचं बगा की."

एरवी आजोबांनी याला उत्तर दिलं असतं. त्या दिवशी त्यांनी लाँच उचलायला सांगितली. जाताना मित्रांनी आपट्याची पानं दिली, सोनं म्हणून. आजोबांनी ती घेतली आणि म्हणाले, "पुढच्या रविवारी या. पेटी घेऊन जा."

"पेटी?"

"तुम्हाला लागेल. मला आता नको."

मित्रांनी माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याकडे पाहिलं.

त्या आठवड्यात आजोबांनी एकेक पाना तेलाच्या फडक्यानं पुसून जागेवर ठेवला. पेटीला दोरी बांधली. मग खरंच पेपर वाचायला बसले, त्या खुर्चीत, रस्त्याकडे तोंड करून. पान उलटताना कागद फडफडायचा, म्हणून ते पान उलटतच नव्हते. मी दोनदा विचारलं, लेथवाल्यांना बोलवू का, ते बघतील. ते म्हणाले, "कशाला? मला कारण माहीत आहे."

शुक्रवारी मी लाँच परत चादरीत गुंडाळायला घेतली. पण तळ्यावरचा चिखल आणि पेट्रोलचा वास तसाच ठेवून कुठलीही वस्तू दिवाणाखाली जाणं मला चालत नाही. जुना टूथब्रश घेऊन मी इंजिन पुसायला बसले. डोकं, पाय, आणि मग कार्बोरेटरचं झाकण. तो एक स्क्रू काढला, स्पंज काढला.

आत चोक असतो. चोक म्हणजे हवेच्या वाटेवरचा नखाएवढा पत्र्याचा दरवाजा. थंड इंजिन सुरू करताना तो मिटायचा म्हणजे पेट्रोल जास्त ओढलं जातं, आणि इंजिन चालू झालं की पूर्ण उघडायचा. हे सगळं मला आता माहीत आहे. तेव्हा मला एवढंच दिसलं की त्या दरवाजाच्या कडेला, बिजागरीच्या जागी, अक्षतेचा एक लाल दाणा अडकून बसला आहे. मी बाहेरचा लिव्हर फिरवून पाहिला. दरवाजा निम्माच उघडला आणि दाण्याला टेकून थांबला.

पहिल्यांदा मनात आलं, गुपचूप निस्तरावं. दाणा काढून टाकायचा, झाकण लावायचं आणि म्हणायचं, अहो, एकदा शेवटचं ओढून बघा. इंजिन चाललं असतं. त्यांना वाटलं असतं, हात आपोआप सुधारला. पण मग पुढच्या वेळी काही बंद पडलं की त्यांनी पुन्हा आपल्या हाताकडेच पाहिलं असतं. मी दाणा चिमट्यानं काढला, बशीत ठेवला आणि व्हरांड्यात गेले.

"अहो, हे बघा."

"काय आहे?"

"अक्षता. चोकच्या आत अडकली होती. मी वाहिलेली."

त्यांनी हात पुढे केला. मी दाणा त्यांच्या तळहातावर ठेवला. तो तिथे थोडा नाचला. त्यांनी मूठ मिटली.

"झाकण कुणी लावलं होतं?"

"मी. सगळे आटे मीच पिळले. तुम्ही झोपला होतात."

त्यांनी ती मूठ मांडीवरच्या पेपरवर टेकवली. मग म्हणाले, "बत्तीस वर्षं इंजिनांना हार घातले, नारळ वाढवले. पण इंजिनाला जेवायला कुणी वाढलं नव्हतं, बाई."

मला हसू आलं आणि त्याबरोबर डोळ्यांत पाणीही. ते हसत नव्हते.

"चोक शेवटाला गेला की टक वाजतो," ते म्हणाले. "तळ्यावर तो वाजला नसणार. पूर्वी लिव्हर धरल्याबरोबर बोटाला कळलं असतं. आता बोट स्वतःच हलतंय, त्याला काय कळणार? दाणा तुझा, पण सापडायला तो मला पाहिजे होता."

ते खरं होतं. मी एवढंच म्हटलं, "टक वाजतो, हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत. माझे कान चांगले आहेत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग खुर्चीतून उठले, आत आले आणि लाँचपाशी जमिनीवर बसले. "कान लाव," ते म्हणाले. त्यांनी लिव्हर फिरवला. टक. अगदी बारीक, नख नखावर आपटल्यासारखा.

"परत."

टक.

मग त्यांनी काय केलं असेल? तोच दाणा माझ्याकडे देऊन परत त्याच जागी ठेवायला लावला. लिव्हर फिरवला. काहीच नाही, नुसतं मऊ टेकणं. "हा कसा?" त्यांनी विचारलं. "मुका," मी म्हटलं. दाणा काढला. टक. दाणा घातला. मुका. मग मला तोंड फिरवून बसवलं आणि परीक्षा घेतली. दहापैकी दहा बरोबर आले. माझ्या सगळ्या आयुष्यात मी परीक्षा घेतल्या, दिल्या फार कमी. पण या परीक्षेइतकी मी कुठल्याच परीक्षेत घाबरले नव्हते.

त्यांनी तो बारीक स्क्रू खंडेनवमीच्या आधी होता तिथे परत आणला. त्यांना जागा आठवत होती. झाकणाचे पहिले दोन आटे मी लावले आणि उठून चहा टाकायला गेले.

रविवारी मित्र आले तेव्हा पेटी दोरी बांधून दाराशीच होती. आजोबा म्हणाले, "पेटीचं नंतर बघू. आधी तळ्यावर चला."

तळ्यावर आजोबांनी चोक मिटला, दोरी ओढली, इंजिन फुरफुरलं. त्यांनी लिव्हर उघडला आणि माझ्याकडे पाहिलं. इंजिनाच्या आवाजात तो टक ऐकायला मला कान जवळजवळ केबिनला लावावा लागला, केसांना पेट्रोलचा वास दोन दिवस होता. मी हो म्हणून मान हलवली. त्यांनी लाँच पाण्यात सोडली.

ती आधी अडखळत गेली, वासरू सोडल्यासारखी, कारण रिमोटवरचा त्यांचा अंगठा थरथरत होता आणि वेग कमीजास्त होत होता. मी जवळ जाऊन रिमोट खालून दोन्ही हातांनी धरला, घट्ट. अंगठा त्यांचाच राहिला. तेव्हा लाँच सरळ झाली. निळा चुकलेला पट्टा पाण्यावरून लांब लांब गेला, वळला आणि परत यायला लागला. आवाज तळ्याच्या पलीकडच्या काठाला जाऊन येत होता. तुम्हाला आठवतो तसाच, उजनीचा, फक्त थोडा पोरवयातला.

"अक्का, बोलतंय की," मित्र म्हणाले. "माझ्या मळ्यात इतकं गोड कदी बोललं न्हाय ते. हितं पाहुणचार चांगला हाय वाटतं."

"पाहुणचारच नडला होता," आजोबा म्हणाले, आणि मग त्यांना सगळी गोष्ट सांगितली. दोघं काठावर बसून इतके हसले की मला रिमोट एकटीला धरावा लागला, आणि मी लाँच चिखलात घातली.

घरी आल्यावर मित्र पेटीकडे बघत नव्हते, मुद्दाम. आजोबांनीच दोरी सोडली. गाठ मी सैल करून दिली, बाकीची त्यांनी. आतून त्यांनी तीन मोठे पाने काढले, हातात पेलत नाहीत असे, आणि मित्रांना दिले. "हे ट्रॅक्टरला लागतील. बाकीचे मला लागतात."

मित्रांनी ते कपाळाला लावले आणि पोत्यात ठेवले.

पेटीत तीन रिकामे खड्डे राहिले. रिकामी जागा मला बघवत नाही, म्हणून मी म्हटलं, "इथे काय ठेवायचं?" आजोबांनी थोडा विचार केला आणि त्यातल्या एकात माझी जाड विणायची सुई ठेवली. ती लांबीला बरोबर बसली.

तो दाणा त्यांनी लाँचच्या केबिनमध्ये चालकाच्या चाकाशेजारी रेझिनच्या थेंबानं चिकटवला आहे. आलात की बघा, लाल आहे, लगेच दिसेल. त्याला नख लावू नका.

"अहो, सुई माझी आहे," मी म्हटलं. "मला विणायला लागते."

"मागून घेत जा," ते म्हणाले आणि कडी लावली.

धाकट्याचा स्वेटर अजून एका बाहीवर अडला आहे, तो त्यामुळे.